वासा क्रमांक सात

श्रूजबरी.
हे नाव मी लहानपणी बिस्किटाच्या खोक्यावर वाचलेलं,
ते एखादं गाव असेल असं कधी वाटलं नाही.
नदीकडे उतरणारी अरुंद गल्ली,
दोन्हीकडची घरं माडीपाशी एकमेकींच्या कानाला लागलेली,
त्यांतलं तिसरं : 'आंधळा नावाडी'.
पाटीवरच्या नावाड्याला डोळे आहेत.
रंगाऱ्याला राहवलं नसावं.

मी प्यायला आलेले नाही.
माझ्याजवळ विमा कंपनीचं पत्र आहे, घडीची शिडी आहे,
लाकडात दोन सुया खुपसून ओल सांगणारं यंत्र आहे.
मंगळवार, सकाळचे अकरा.
मालकीण मॉर्विद प्रिचर्ड दार धरून म्हणते,
"डोकं सांभाळा."
पाच फूट एक इंचाच्या बाईला
या देशात हे पहिल्यांदाच कुणी सांगितलं.
मी मान देऊन वाकले.

आत कालच्या बिअरचा वास,
आंबोळीच्या फुगलेल्या पिठापासून फार लांबचा नाही.
भिंतीवर पितळी पट्ट्या, पूर कुठवर चढला त्याच्या,
गुडघा, कंबर, खिडकीची कड,
आणि एकीवर साल नाही, तारीख नाही,
नुसतं 'पुन्हा' कोरलेलं.

शिडी लावली. धूळ पुसली. बॅटरी धरली.
सुतारांनी हे घर आधी आपल्याच आवारात जुळवलेलं,
वाशावाशावर पटाशीनं रोमन आकडे खोदलेले,
मग सगळं सुटं करून, गाडीत घालून आणून
इथे पुन्हा उभं केलेलं.
मी बोट फिरवत मोजते :
एक, दोन, तीन, चार,
सात.
सहा.
पाच.

पुन्हा मोजते. सात.
सातव्याचं कुसू पाचव्याच्या खाचेत डुगडुगत होतं,
म्हणून कुणीतरी पाचर ठोकली,
आणि ती पाचरही घाईतली, एका अंगानं चेचलेली.
पाऊस गाठणार होता त्यांना,
की तहान लागली होती,
की मुकादम त्या दिवशी लग्नाला गेला होता, कोण जाणे.
ओल : अठरा टक्के.
कीड : जुनी, केव्हाच मेलेली.

खाली, बरोबर त्या वाशाखाली, आयव्हर टज
शब्दकोडं सोडवत बसलेला, पुढ्यात अर्धा ग्लास.
"सापडलं काही?"
सात नंबर पाचच्या जागी आहे, म्हटलं.
"कधीपासून?"
पाचशे वर्षं. थोडी इकडेतिकडे.
त्यानं वर पाहिलं,
आणि आपला ग्लास वीतभर डावीकडे सरकवला.

घर फिरलं की वासे फिरतात, असं आमच्याकडे म्हणतात.
मी त्याला ते इंग्रजीत सांगायला गेले,
ती छपराच्या दुरुस्तीची सूचना होऊन बसली.
"इथे वासाच आधी फिरलाय," तो म्हणाला,
"घराला अजून कुणी कळवलं नाही."
मॉर्विद फडकं पिळत उभी.
"लिहावं लागेल का हो ते?"

छापील अर्जात दोन रकाने असतात, दोष आणि नोंद.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
सुतारानं दडवलं नव्हतं काही.
आकडा तसाच ठेवला होता उघडा,
वर बघेल त्याच्यासाठी.
नोंदीत लिहिलं : सात, सहा, पाच. पाचर शाबूत.

मग गुडघे दुखतात म्हणून बसले, एवढंच.
मॉर्विदनं न विचारता लिंबू-सोडा ठेवला.
टेबल नदीकडे कललेलं.
ग्लास आपल्याच घामावरून हळूहळू निघाला कडेकडे,
मी पेन टाकून धरायला जाते तोवर
आयव्हरनं कोड्यातून मान न काढता
एक बोट आडवं घातलं,
आणि विचारलं,
"सहा अक्षरी शब्द, शेवटी टी. लाकडाचा आधार?"