रफार

मे महिन्यातला शनिवार, रात्रीचे पाऊण.
गोळीबार चौकातल्या पतसंस्थेत मी, सर्व्हर
आणि खिडकीत खडखडणारा कूलर.
बाहेर बाकावर डेकाटे काका
ओला गमछा तोंडावर टाकून निजलेत.
सोमवारी दहाला शटर वर जाईल
तोवर जुनी सिस्टम नवी व्हायला हवी.
एवढंच काम.

त्रेसष्ट टक्क्यांवर थांबलं.

आधी म्हणे, आत कुणीतरी कुलूप लावून बसलंय.
कोण ते शोधलं, तर आपोआप अपडेट करणारी प्रक्रिया,
मीच कधीतरी चालू करून विसरलेली.
निघ म्हटलं. निघाली.
मग म्हणे, मागच्या वेळचं अर्धवट आहे, ते पुरं करा.
केलं.
मग याला ते हवं, त्याला हे.
एक म्हणतो तो आला तरच मी येईन,
दुसरा म्हणतो तो असेल तर मी नाही.
लग्नघरात दोन जावई असे वागतात,
पण त्यांना निदान बासुंदी वाढता येते.

शेवटी लाल अक्षरांत:
तुटलेली पॅकेजं तुम्ही धरून ठेवली आहेत.

मी?
मी काय धरून ठेवलंय?
आठ तास झाले, डबासुद्धा उघडला नाही.

यादी काढली. एकच नाव,
छपाईचं कुठलंसं जुनं पॅकेज,
आणि त्याला खिळा ठोकलेली एक फाइल,
अकरा वर्षांपूर्वीची.
फाइलीत टिपण:
हे हलवू नये. रफार घसरते.
कर्जाचं कजर् होते.
दुर्गाबाई नंदनवार काउंटरवर म्हणाल्या, हे माझं नाव नाही.
— पौनीकर

पौनीकर सरांना मी एकदाच पाहिलंय,
त्यांच्या निरोपाच्या फोटोत, हार थोडा मोठा झालेला.
दीड वाजता फोन लावू नये.
लावला. पहिल्या घंटीला उचलला.
"कोणतं पॅकेज म्हणता? नाई आठवत बा."
मी त्यांचंच टिपण त्यांना वाचून दाखवलं.
पलीकडे पंखा ऐकू आला, बराच वेळ.
मग म्हणाले,
"कूलरात पाणी टाकलं का पोरी?
मशीन तापून राहिली असंल."

टाकलं नव्हतं. दोन बादल्या टाकल्या.
वाळ्याच्या ताट्यांचा वास खोलीभर झाला
आणि मी खिळा काढला.

दोन्ही जावई मुकाट आत आले.
सत्तर, एकोणऐंशी, नव्वद.
आरसा बदलावा लागला मध्येच,
म्हणजे जिथून पॅकेजं उतरतात तो सर्व्हर,
आमचा अलीकडचा काही देईना.
चारला लाइट गेली. यूपीएसनं
बावीस मिनिटं चिंचेच्या झाडासारखं उभं राहून दाखवलं.

मग शेवटचा प्रश्न:
ही फाइल तुमच्या माणसानं बदललेली आहे.
तुमची ठेवू की नवी आणू?
बाणाचं टोक दोहोंच्या मध्ये लुकलुकत.
खिळा काढला होता, तरी टिपण तसंच होतं,
त्याच्या डोक्याला अजून धार.
मी म्हटलं, आमची ठेवा.

पाचला प्रिंटरला कोरं पासबुक चारलं.
डोकं इकडून तिकडे किरकिरत गेलं.
दुर्गाबाई नंदनवार.
रफार गा-वर, जिथं असायला हवी तिथं.
या अकरा वर्षांत कुणीतरी, कुठंतरी,
आपलं नाव न सांगता ती जागेवर बसवलेली.
आम्हाला ठाऊकच नव्हतं.
आम्ही जुनंच धरून बसलो होतो.

डेकाटे काकांना उठवून चहा पाजला.
त्यांनी विचारलं, "झालं का तुमचं?"
काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं,
आणि म्हटलं, "झालं."

सोमवारी सव्वाअकराला दुर्गाबाई आल्या,
दोनशे रुपये भरायला.
मी काउंटरमागून मुद्दाम थांबून पाहत होते.
नावावर त्यांची नजर क्षणभरही टेकली नाही.
बोट खाली सरकवत व्याजापाशी नेलं
आणि म्हणाल्या,
"एवढंच काहून?"