तवंदीचा चढ

रेडिएटर उतरवून बाबालालनं
वरच्या टाकीची डागणी उकलली.
म्हणाला, बघ की, बापानं तुझ्या काय काय पाजलंय हिला.

नळ्यांत पांढरा थर, मग तांबूस, परत पांढरा.
हिरण्यकेशीचं पाणी, यमकनमर्डीच्या बोअरचं,
एकदा हत्तरगीजवळ कुणाच्या म्हशींच्या डोणीतलं.
"स्वल्प नीर कोडरी" म्हणत
अण्णा वाफेत उभे असायचे,
हाताला ओलं गोणपाट गुंडाळून.

सळई घालून एकेक नळी तो मोकळी करत गेला.
तीन मेल्या होत्या. त्या डागून बंद केल्या.

वॉल कुठाय?
अण्णांनी काढून टाकलावता, सत्त्याऐंशी साली,
पाणी अडवतोय म्हणून.
"अडवायलाच असतोय त्यो," बाबालाल म्हणाला,
"इंजिन आधी तापाय नको?"
नवा बसवला. जुन्या बोल्टांनीच.

आज तंबाखूचे बोद भरून चढलो.
काटा जागचा हलला नाही.
तरी घाटमाथ्यावरच्या नळाशी
पाय आपसूक ब्रेकवर गेला.
कॅन घेऊन उतरलो, काठोकाठ भरला,
बॉनेटपर्यंत आलो,
आणि मग
पुढच्या चाकावर ओतला.