गोळ्यांच्या चिठ्ठीमागे

सतराव्या वर्षी मी फादर इनासना विचारलं,
पाद्री व्हायचं तर काय काय वाचू?
ते चर्चच्या पायरीवर बसून
पेडव्यांची डोकी मांजराला घालत होते.
हात पुसले, खिशातली रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी उलटी केली,
बरंच लिहिलं, त्यातलं बरंच खोडलं.
"झिला, पयला ह्या वाच.
बाकीची पुस्तकां खंय पळान जावची नाय."

चिठ्ठीत एकाही संताचं नाव नव्हतं.

वरच होतं : बाप्तिस्म्याची वही, निळ्या पुठ्ठ्याची.
पानापानावर बारा-बारा पोरं,
रुझार, मिंगेल, कायतान, आन्सेलम,
ओल्या बोटांनी फुटलेली शाई.
मग पानं मोठी होत गेल्यासारखी वाटली.
एका वर्षात सहा नावं, एका वर्षात दोन.
शेवटच्या भरल्या पानावर एकच पोरगी,
तीही कुवेतहून महिन्याच्या रजेवर आलेल्यांची.

मग मरणाची वही. ती जाड.
मरणाचं कारण फादर स्वतःच्या अक्षरात लिहीत :
ताप. होडी. म्हातारपण.
एका बाईपुढे नुसतं, एकटी.

त्याखालची ओळ खोडलेली,
पण उजेडाला धरली की दिसायची.
कुठल्याशा लॅटिन ग्रंथाचं नाव, आणि पुढे,
"मीच अजून पुरता वाचला नाही."

आणि तेर्स. हे काही पुस्तक नव्हे.
"रोज सातला, माडातल्या कुरसाकडे. बाया पाच.
तू मागे उभा राहा. तोंड उघडू नको."
राहिलो. डास फोडून काढायचे.
पर्पेतिन मावशी दर वेळी एक मणी विसरायची
आणि उरलेल्या चौघी,
न सांगता, न बघता,
तिथे तिच्यासाठी थांबायच्या.

पुढे गुरुविद्यालयात मी अडीच वर्षं जाड पुस्तकं वाचली.
त्यांत पाचारणावर पुष्कळ होतं,
थांबण्यावर फार नव्हतं,
की मलाच सापडलं नाही.
परत का आलो, हे लोक अजून विचारतात.
मी होड्यांची इंजिनं उघडतो, हात काळे असतात,
हात काळे असले की माणसं फार खोलात जात नाहीत.

आता पाद्री शिरोड्याकडून येतात, दुसऱ्या नि चौथ्या रविवारी.
पोरगेलेसे आहेत, चार चर्चं एकट्याच्या गळ्यात.
स्कूटर लावतात, हेल्मेट
बाप्तिस्म्याच्या कुंडात ठेवतात.
तिथे कोरडं असतं.
पस्तीस मिनिटांत मिस्सा, मग पुढचं गाव.
उत्तरेकडची कौलं निघालीत,
गायकांच्या बाकाचे पाय वाळवीने खाल्ले,
किल्ली माझ्याकडे.

चिठ्ठीच्या तळाला एक ओळ होती,
ती तेवढी माझी राहिली :
"सगळं वाचून झालं की ये, काय वाचलंस ते सांग."
मी दुसऱ्या वर्षाला असताना फादर वारले.
मरणाच्या वहीत त्यांच्या नावापुढचं कारण
दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहे, नीट लागत नाही.

मिस्सा नसलेल्या रविवारी मी दार उघडतो,
वह्या पायरीवर उन्हात घालतो, कसर लागू नये म्हणून.
खाडीकडून वारा आला की पानं उलटतात.
मग दगड ठेवावे लागतात.
भरल्या पानांवर एक,
कोऱ्या पानांवर एक.
कोरी जास्त फडफडतात.