पेवातला कंदील

मिरजेत, स्टेशन रोडला, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त घेतलं.
जांभळ्या झाकणाची नळी, लाल झाकणाची नळी.
"मूठ आवळा. सोडा. झालं बघा."
आज मुजावर मॅडमनी मलाच मूठ आवळायला सांगितली
आणि ती आवळेना.

सकाळी बोटं उघडायला अर्धा तास जातो.
चहाचा कप मी दोन्ही तळव्यांत धरते,
चिमणीचं पिल्लू धरावं तसा.

पुस्तकात त्याला सैन्य म्हणतात.
मला ती राखणदारीण वाटते,
जोंधळ्यातल्या माळ्यावर गोफण घेऊन बसलेली.
तरुणपणी तिला पाखरू कळायचं, वारा कळायचा.
आता कणसाची सावली हलली
तरी खडा भिरकावते,
आणि तो माझ्याच सांध्यावर येऊन लागतो.

सुकुमार आणि मी एकाच पोटातून आलो,
अकरा मिनिटांच्या अंतरानं.
त्याचा राखणदार साठीनंतर पेंगायला लागला.
साधा न्यूमोनिया, पाच दिवस.
माझी मात्र डोळा मिटत नाही.
"बाईचं म्हातारपण वेगळं, पुरुषाचं वेगळं,
रक्तातसुद्धा," मॅडम म्हणाल्या.
एवढंच?
"एवढंच नाही. पण पुढचं अजून
कुणालाच नीट कळलेलं नाही."

वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर मुकादम होते.
वीस हात खोल अंधार, वर शेणामातीनं लिंपलेलं तोंड,
आत वर्षानुवर्षं हळद, कीड नाही, बुरशी नाही.
पेव फोडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
"आत काय हाय ते हळदीला ठावं,"
म्हणायचे आणि विडी पेटवायचे, पेवापासून लांब जाऊन.

माझं पोट तीनदा भरलं.
सन्मती. रोहिणी.
आणि मधला, पाचव्या महिन्यातला,
ज्याचं नाव ठेवायचं राहून गेलं.
सन्मतीच्या मागोमाग बोटं सुजायला लागली होती.
पण रोहिणीच्या वेळी
नऊ महिने माझे हात लोण्यासारखे मऊ.
अर्धा परका जीव आत वाढतोय
आणि राखणदारीण गोफण मांडीवर ठेवून
गप्प बसलेली, जणू तिलाच डोहाळे लागलेत.
बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात
दुखणं परत आलं, व्याजासकट.

मॅडम सांगत होत्या,
गर्भारपणात रक्ताचं वय झपाट्यानं चढतं,
मग बरंचसं उतरतं, सगळं उतरतं की नाही
यावर अजून वाद आहेत.
मी हसले. सासूबाई हे
एका वाक्यात सांगायच्या, तेही शिवी घालून.

मग त्या म्हणाल्या,
लेकराचे काही कण आईच्या रक्तात राहून जातात.
वीस वर्षं, तीस वर्षं, कधी त्याहून जास्त.
ते जखम सांधतात की भांडण लावतात,
दोन्हीचे पुरावे आहेत.

मी खिडकीबाहेर बघितलं.
खाली रिक्षावाला कणीस खात होता.
विचारलं, जो जगला नाही, त्याचेही?
"असू शकतात," त्या म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली.

एकतीस वर्षं रक्त बघितलं मी,
काचेवर पसरून, रंगवून, भिंगाखाली मोजून.
हे कधी मोजलं नाही.
मोजायला रकानाच नव्हता.

तपासणी झाल्यावर उरलेली नळी
नवी पोरगी डब्यात टाकायला निघाली.
बरोबर होतं तिचं. मीच असं शिकवलंय.
तरी म्हटलं, थांब जरा.
नळी तळव्यांत धरली, दोन्ही.
अजून कोमट होती.