मानवतच्या शाळेतून, निघण्याआधी

इकडं या सगळ्या. पिशव्या राहू द्या, नुसतं ऐका.
गाडी दहाला येणार म्हणजे अकराला,
तेवढा वेळ आहे माझ्याकडं.

एकोणीस वर्षं मी याच फळ्यावर भरती-ओहोटी काढली.
एक चंद्र, दोन बाण, खाली निळ्या खडूची फुगीर रेघ.
चार मार्कांचा प्रश्न.
मलाही पैकीच्या पैकी पडले असते.

मग मागच्या दिवाळीत त्या गावी गेले
आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले, साडी खोचून.
पाण्यानं काही केलं नाही.
पायाखालची वाळू तेवढी काढून घेतली,
पंगतीत मागून कुणी पाट सरकवावा तशी.
वळून बघते तर आले ती वाट पाण्याखाली.

सुकट वाळत घालणाऱ्या एका बाईनं
वेणी धरून मला वर ओढलं.
वेणी. हात नाही.
वर म्हणाली, "चुलीवर दूध ठेवून
पाठ करतेस का गं कधी?"
त्या दुधाबरोबर माझी एकोणीस वर्षं उतू गेली.

तर पोरींनो,
आपल्याकडं नळ येतो आठव्या दिवशी,
त्याची वेळ तुमच्या आईला झोपेतही ठाऊक असते.
तिथं पाणी दिवसातून दोनदा येतं,
आणि घागरी भरत नाही, माणसं नेतं.
म्हणून गावात पाय ठेवला की आधी वेळ विचारायची.
लॉजवाल्याला नाही,
जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला.
तो नको म्हणाला की नको.
का, असं त्याला विचारायचं नाही;
ती सवय एवढे दोन दिवस इथंच ठेवा.

सगळीकडं लाटा फुटतात आणि मधेच एक पट्टा गप्प दिसतो,
तिथं तर मुळीच जायचं नाही.
गप्प पाणी आत ओढत असतं.
कुणी ओढली गेलीच, तर मागं उडी मारायची नाही.
ओरडायचं. रिकामा कॅन फेका, ओढणी फेका,
स्वतःला फेकू नका.
शाहिस्ता, चार ओढण्या गाठी मारून तुझ्याजवळ ठेव.
गंगासागर, हसू नको.
नावात अख्खा समुद्र आहे तुझ्या, पोहता कुठं येतं?
(मलाही येत नाही. पण हे घरी सांगू नका.)

मागच्या रांगेतून सातवीतली ती धाकटी,
वर्षभरात पहिल्यांदाच बोलली:
"मॅडम, त्याला झाकण नसतं?"

आमच्या हौदाला पत्रा आहे, पत्र्यावर दगड,
कडीला कुलूप, किल्ली शिपायाच्या कमरेला.

काहीतरी शास्त्रीय सांगणार होते.
"नाही," म्हणाले, "उघडंच असतं,"
आणि गळ्यातली शिटी चाचपून पाहिली.

एकेचाळीस.
पुन्हा मोजल्या. एकेचाळीस.
फाटकाशी गाडीचे दिवे वळले.