मेर

सड्यावर चुन्याने रंगवलेला एक दगड आहे.
अलीकडच्या अंगाला महाराष्ट्र, पलीकडच्या अंगाला गोवा,
माथ्यावर कावळ्यांनी आपटून फोडलेल्या तिसऱ्यांची टरफलं.
इथून समुद्र दिसतो, तेरेखोलच्या मुखापाशी मळकट,
आणि आपण कुठे आहोत ते फोनला कळत नाही.

वझर दगडाच्या बुडातून निघतो.
नेमका कुठल्या बाजूने,
हे मोजणीदार नाटेकरांनी तीन दिवस शोधलं.
चौथ्या दिवशी त्यात पाय सोडून बसले.

भात घरात आलं की बंधारा.
चिरे आमचे, माती त्यांची,
आणि इनासचा टेम्पो, ज्याला रिव्हर्स पडत नाही.
खाली पाट फुटतो, एक आमच्या वायंगणाला,
एक त्यांच्या कुळागराला.
पाळी मोजते करवंटी. बुडाला खिळ्याएवढं भोक,
घंगाळात तरंगत सोडायची;
डुबली, की आवडू गवस पायानेच चिखल सारते
आणि पाणी म्हणून निघालेलं
दहा पावलांवर उदक होतं.

एका शिमग्यात भांडण झालं.
कशावरून, ते आता चार जण चार तऱ्हांनी सांगतात.
करवंटी कुणीतरी मेरेच्या दगडावर आपटली.
त्या चैतात पाणी वाटेल तिकडे गेलं,
म्हणजे कुणाकडेच नाही.
सुपाऱ्या हिरव्याच गळाल्या.
आमच्या चवळीच्या वेलाला हात लावला
तर चुरा.

मग एका रात्री बॅटरी मारत इनास आला,
बनियनवरच, काखेत नवी करवंटी.
"नाल्ल आमचो," म्हणाला,
"भोंक तुमी मारात."
आवडूने चुलीत खिळा तापवला.
भोक किंचित लहान पडलं. पाळी लांबली,
दोघांचीही.
जुनं माप बरं होतं, असं अजून कुणी कुणी कुरकुरतं.

मी ग्रामसेवक. दुरुस्तीच्या अनुदानाचा अर्ज घेऊन वर आलो होतो.
बंधाऱ्याची मालकी: रकाना एकच,
त्यात जेमतेम एक नाव मावेल.
आवडूला विचारलं.
"कुर्ल्यांची लिवा," ती म्हणाली,
"बाराय म्हयने थंयच ऱ्हवतत."

रकाना कोरा ठेवून मी पेन खिशाला लावलं,
कारण टेम्पो चिखलात रुतला होता
आणि तो मागे ढकलायला
एक माणूस कमी पडत होतं.