आधीचा भाडेकरू

फरहेल्स्टबाई मला लिपेन्स म्हणतात.
लिपेन्स माझ्याआधी या खोलीत राहायचा.
पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं,
पण दोन्ही हातांत पेट्या होत्या, जिना अरुंद,
आणि बाईंनी वाटाण्याचं सूप गरम ठेवलं होतं.
दुसऱ्या दिवशी सांगणं उद्धटपणाचं दिसलं असतं.
त्याला आता नऊ वर्षं झाली.

ऑस्टेंडच्या बंदर कचेरीत
मी भरती-ओहोटीची कोष्टकं उतरवतो.
पुढल्या मार्चातल्या एका मंगळवारी
समुद्र सहा सतराला येणार
हे मला आजच ठाऊक असतं.
तो येतो.
मी कधी गेलो नाही बघायला.

पगाराच्या वहीत माझ्या नावातलं एक अक्षर कमी आहे.
ते अक्षर इथल्या जिभेला नाही.
घासात खडा लागावा तसं तोंड करतात,
मग नुसतं "तो" म्हणतात.
त्याला विचारा. तो बघेल.
माझ्या गावानंही, ऐकतो, नाव बदललंय,
देशसुद्धा.

पाववालीसाठी मी एक वाक्य घोटून ठेवलं होतं:
आज वारा फार आहे.
पान हलत नव्हतं त्या दिवशीही तेच म्हणालो.
ती हसली.
ते हसू मला गुरुवारपर्यंत पुरलं,
शिळ्या पावासारखं, भिजवून भिजवून.

लिपेन्सची बहीण कोर्त्रेकला असते. झुल्मा.
दर नववर्षाला तिचं पत्र येतं:
ओडिलोन, गुडघा दुखतो, ये एकदा.
पहिली दोन मी न फोडता ठेवली.
तिसरं फोडलं.
पाचव्याला उत्तर लिहिलं, फक्त हवेबद्दल.
तिनं कळवलं,
तुझं अक्षर सुधारलंय रे,
आणि सोबत लोकरी मोजे,
टाचेला जरा सैल.

गेल्या नोव्हेंबरात तो आला.
छत्री राहिली होती म्हणे त्याची.
दार बाईंनीच उघडलं.
कोण हवंय, त्यांनी विचारलं.
तो काय म्हणाला ते वर ऐकू आलं नाही,
बाईंची हाक मात्र आली:
"लिपेन्स, तुमच्याकडे कुणीतरी आलंय!"

जिन्यात आम्ही दोघं.
तो खालच्या पायरीवर, हॅट हातात, खांदे भिजलेले,
मी वरच्या, मोज्यांवर.
त्यानं मोजे पाहिले.
ओळखली असावी त्यानं टाचेची वीण.
आरडाओरडा करू शकला असता,
मी तयार होतो, खरं तर वाटच पाहत होतो.

"खिडकी अजून अडते?"
"थोडी उचलून ढकलावी लागते."
"हो," तो म्हणाला. "उचलून."

कपाटामागून छत्री काढून दिली.
पत्रंही पुढे केली, दोऱ्यानं बांधलेली.
ती त्यानं घेतली नाहीत.
"गुडघ्याचं विचारत जा तिला,"
एवढंच म्हणाला, आणि ते तुम्ही,
की तूच, कळलं नाही,
त्या भाषेतला तो फरक मला अजून पकडता येत नाही.

खिडकी उचलून ढकलली, खाली पाहिलं.
पाऊस थांबला होता.
त्यानं छत्री उघडली
आणि स्टेशनाकडे न वळता
धक्क्याच्या दिशेनं निघाला.
अकरा चाळीसची भरती होती.
मीच उतरवलेली.

"कोण होतं?" बाईंनी वाढता वाढता विचारलं.
आधीचा भाडेकरू, मी म्हणालो.
बाईंचा डाव हवेतच राहिला.
"आधीचा? तुमच्याआधी या खोलीत कुणी नव्हतं हो,
निदान माझ्या आठवणीत."

रात्री कोर्त्रेकला पत्र लिहायला घेतलं.
नववर्षाला अजून पाच आठवडे होते.
प्रिय झुल्मा, गुडघा कसा आहे.
इथं आज वारा नव्हता.
मग खाली सही केली.
दर वेळी त्या नावाच्या पहिल्या अक्षराशी
थोडा अडायचा हात.